मारबत दारात थांबत नसते

पोळ्याच्या सकाळी दाराशी पळसाचा मेढा रोवायला म्हणून मनकर्णा बाहेर आली, आणि चौकटीवर तिला गेरूची बोटं दिसली. ओली होती. कुणीतरी उजाडण्याच्या बेतात येऊन, गेरूत बोटं बुडवून, लाकडावरून वरून खाली ओढली होती, आणि जाताना उरलेला हात बिनदिक्कत भिंतीला पुसला होता. कालच सारवलेली भिंत. तिने बोट लावून पाहिलं, बोटाला रंग लागला. वास घेतला तर तोच वास, दिवाळीच्या आधी माय भिंतीला काठ ओढते तेव्हा घरभर पसरतो तो, ओल्या मातीचा, सणाचा. या वासाची कधी भीती वाटेल असं कुणी लहानपणी सांगितलं असतं तर ती खो खो हसली असती. भीती वाटली खरी. पण तिच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं आणि त्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिला हायसं वाटलं. वर्षभर ती या बोटांची वाट बघत होती. रोज सकाळी दार उघडलं की आधी चौकटीकडे बघायचं, मग आभाळाकडे, हा नेमच होऊन बसला होता. आता बघायचं काही राहिलं नव्हतं. जे यायचं ते आलं. आता ते आहे आणि आपण आहोत. तिने मेढ्याचं टोक चिखलात खुपसलं, टाचेने माती दाबली, आणि फांदी सरळ उभी राहिली की नाही ते मागे सरून नीट बघून घेतलं.

गेरूच्या बोटांचा अर्थ चांद्याच्या परकोटाच्या आत पोराटोरांनाही ठाऊक होता. ज्या चौकटीवर ती उमटली, त्या घरातलं सतरावं लागलेलं पोर मारबतीच्या दिवशी दुपारी ट्रकमध्ये बसायचं, आणि ट्रक आलापल्लीच्याही पलीकडे, सागाच्या तोडीवर, रखवालीच्या कॅम्पात जायचा. तिथून कुणी परत येत नसे. मेले म्हणावं तर तसा निरोप नाही, जिवंत म्हणावं तर तसाही नाही. रखवाली म्हणजे सरकारच, दुसरं काय. जंगल पेटलं त्या उन्हाळ्यात ते आलं. वणवा, दरोडे, पटकी, सगळ्यांपासून शहराची राखण करतो म्हणाले, चारी दरवाजे लावून घेतले, आणि मग उघडायचं विसरले. बाकी मुलखात एकोणीसशे पंचावन्न साल चालू होतं, लोक मतं देत होते, पुढारी भाषणं ठोकत होते, असं म्हणत. चांद्याला त्यातलं ऐकू यायची ती बल्लारशाच्या गाडीची शिटी तेवढी, आणि गाडीसुद्धा आता थांबत नसे. आत गळ्यात पितळी बिल्ला घालायचा, दिवेलागणीची घंटा झाली की चुली विझवायच्या, आणि सगळ्यांत मोठा कायदा म्हणजे तक्रार करायची नाही. एवढी राखण केल्यावर तुम्हाला दुखतं कशाला, असा रखवालीचा सरळ सवाल. शिपायाने ‘कसे आहा?’ विचारलं की ‘राखणीत आहो’ म्हणायचं. भर वैशाखात अंगाची लाही झाली तरी, ‘ऊन कसं सुरेख पडून राह्यलं’ म्हणायचं. पलीकडच्या गल्लीतला लटारू न्हावी एकदा भाजी अळणी झाली म्हणून बायकोवर डाफरला आणि रस्त्यावरच्या शिपायाने ते ऐकलं. बिचाऱ्याला चौकीत बसवून दिवस बुडेपर्यंत ‘भाजी चांगली होती’ म्हणायला लावलं. लोक हसले, पण दार लावून, पदराचा बोळा तोंडात घालून.

गेल्या वर्षी अशीच बोटं रंभासाठी उमटली होती. रंभा तिची मोठी बहीण, मनकर्णाहून गोरी, आणि स्वभावाने गाय. त्या दिवशी माय राख घेऊन, नारळाचा काथ्या घेऊन चौकट घासत बसली होती. घासून घासून तिच्या बोटांची सालं निघाली आणि गेरू लाकडाच्या रेषांत आणखी आत उतरला. रंभा आत बसून स्वतःची वेणी घालत होती. ‘मी जातो ना. नाई गेली त तुमाले नेतील,’ एवढंच ती म्हणाली, आणि चामोर्शीच्या बाजाराला मामासोबत निघावं तशी ट्रकात चढून बसली. हातात अर्धी खाल्लेली करंजी होती. मनकर्णाच्या डोळ्यांपुढे यायची ती रंभा नव्हे, ती करंजीच यायची, दातांची खूण असलेली, आतलं खोबरं सांडणारी. आणि त्यानंतर अंगात जे यायचं ते दुःख म्हणून येत नसे, राग म्हणून येई. एवढं माणूस, एवढं हसतं-बोलतं माणूस, आपल्या पायाने चढून गेलं. पायरी लावायलाही शिपाई उठला नाही. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं की आपल्याला उचलून न्यायचं तर त्यांनी उचलून न्यावं, घाम गाळावा. आपण आपल्या पायाने चढायचं नाही. मग वर्षभरात त्या निश्चयाला आणखी शेंडा फुटला, की मुळात ट्रकापाशी असायचंच कशाला. ‘रोज मरे त्याला कोण रडे’ म्हणतात. पण रोज मरायचं ठरवणाऱ्याने निदान एक दिवस जगून बघायला काय हरकत आहे, असा तिचा हिशोब होता, आणि तो तिला फार पटला होता.

आशाबाई, म्हणजे तिची माय, आत चिखलाचे बैल करत बसली होती. खरे बैल रखवालीने केव्हाच सागाचे ओंडके ओढायला नेले, तेव्हापासून चांद्यात पोळा मातीच्या बैलांचा. मनकर्णा उंबऱ्यात उभी राहिली. मायने तिच्या बोटाकडे पाहिलं, बोटाला लागलेला लाल रंग पाहिला, आणि बैलाच्या डोक्याला शिंग चिकटवलं. दुसरं शिंग करताना मात्र तिचे हात थांबले.

‘घासू का?’ माय म्हणाली.

‘नोको. मागच्या वर्षी घासून पाह्यलं ना. हात तुटते फक्त.’

‘मंग काय करावं, बाई?’

‘मी उद्या मारबतीसंगं जातो.’

मायने मान वर केली. मारबत म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. चांद्यात त्याची वाट पोळ्याहूनही जास्त बघत. सूर्य उगवायच्या आत प्रत्येक घराने आपल्या दारातला मेढा उपटायचा, तो हातात धरून, डबे बडवत, वर्षभराची दुखणी-खुपणी नाव घेऊन घेऊन वेशीबाहेर न्यायची आणि तिथे फेकून यायचं. खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत. ईडा-पीडा घेऊन जाय गे मारबत. वर्षात एक सकाळ अशी होती की तेव्हा माणसाला आपलं काय दुखतं ते मोठ्याने बोलता येई, आणि रखवालीलाही तिथे हात लावता आला नव्हता. यंदा मात्र नवा साहेब आला. तो दूरच्या मुलखातला. त्याला वाटलं, लोक काड्याकचरा टाकायला जातात, आणि कचऱ्यासाठी दरवाजा कशाला उघडायचा. त्याने दवंडी पिटवली, की सगळ्यांनी मेढे अंचलेश्वर दरवाजाच्या आत, अंगणात, ढीग करून टाकावेत आणि घरी जावं. दवंडी ऐकून शहराच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षाची रोगराई दारापर्यंत न्यायची आणि आतच ठेवून यायची? पण तक्रार करायची नाही म्हटल्यावर बोलणार कोण. एकटी मनकर्णा विहिरीवर उभी राहून हसली होती. साहेबाने मोठी चूक केली होती, आणि ती चूक आहे हे त्याला सांगणारं माणूस त्याच्या चौकीत कुणी नव्हतं.

‘दरवाजा बंद राह्यते,’ माय म्हणाली.

‘मारबत दारात थांबत नसते, माय. तूच त सांगतलं लहानपणी. जिच्या दारात थांबली तिच्या घरी मुक्काम करते.’

‘ते आमी म्हणत होतो. शिपाई थोडीच म्हणते.’

‘शिपाई कोण आहे पण? इसरूच आहे ना दारावर.’

शिंग बैलाला लावायचं सोडून मायने ते चिमटीत दाबून टाकलं. मग उठली, हात धुतले, आणि फडताळातून जुनं धडपं काढून त्यात चार भाकरी, मिठाचा खडा आणि मिरच्या बांधू लागली. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. तिला गाठ घट्ट हवी होती, आणि ती कितीही घट्ट झाली तरी सैल वाटत होती. मनकर्णाने ते पाहिलं. पण ती बाजूला बघून बैलाचं दुसरं शिंग वळत बसली. एकशिंग्या बैलाची पूजा कशी करणार.

दुपारी मागच्या भिंतीवरून जैनबने हाक मारली. कय्यूमचाचा टिनाचे कंदील, चाळण्या, डबे करत, त्यांची ही एकुलती एक पोर. मनकर्णाहून दोन बोटं उंच आणि तोंडाची मोठी फटकळ. गेल्या वर्षी रंभाला नेलं तेव्हा मनकर्णाच्या बाजूला तीच येऊन बसली होती, आणि दिवसभरात तिने फक्त एकदा तोंड उघडलं होतं, शिवी द्यायला. आज तिचे डोळे लाल होते. ‘हमारेबी दरवाजे पर बोटं आली,’ ती म्हणाली. ‘अब्बा टिन ठोकून राह्यले सकाळपासून. काय बनवून राह्यले त्याहिलेच मालूम नाई.’ मनकर्णाने तिला सगळं सांगितलं. जैनबने ऐकलं, नाक पुसलं. ‘आमच्या दारी मेढा नाई रोवत ना वं आमी.’ त्यावर मनकर्णा म्हणाली, ‘माह्या मेढ्याले दोन फांद्या आहे. एक तुही.’ जैनब हसली. ‘आणि शिपायानं दार नाई उघडलं त?’ मनकर्णाला खरं तर याचं उत्तर द्यायचं नव्हतं, कारण ते फार सोपं होतं आणि सोप्या उत्तरांची तिला धास्ती वाटे. तरी ती म्हणाली, ‘तो इसरू आहे. त्याले मी ओळखतो.’

इसरूला सगळी गल्ली ओळखत होती. तो लहान असताना मारबतीच्या सकाळी वेशीवर फेकलेला एक मेढा त्याने उचलला, विटीदांडू खेळायला चांगला सरळ होता म्हणून, आणि घरी आणला. पंधरवडा झाला नाही तो त्याला देवी आल्या. तो वाचला, त्याची धाकटी बहीण गेली. देवीचे वण चेहऱ्यावर घेऊन तो मोठा झाला, आणि त्याच्या आईने त्या मेढ्याची गोष्ट मरेपर्यंत त्याला विसरू दिली नाही. पुढे रखवालीने गल्लीतल्या पोरांना खाकी दिली तेव्हा त्यानेही घातली. पोट कुणाला सुटलंय. आज पहाटे गेरूची वाटी कदाचित त्याच्याच हातात असेल. मनकर्णाला त्याचा राग करायचा होता, तो काही केल्या येईना. तिला एवढंच ठाऊक होतं की साहेबाचा हुकूम इसरूच्या कानात शिरला तो नोकरीपुरता, आणि मेढ्याची भीती शिरली ती लहानपणीच, बहिणीसोबत. त्या दोघांची कुस्ती लागली तर कोण वर येईल याविषयी तिला शंका नव्हती. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. मायने ताट तसंच बाजूला सारलं, पण मनकर्णाने करंज्या खाल्ल्या, आणि एकही अर्धी टाकली नाही.

तांबडं फुटायच्या आधी डबे वाजू लागले. मेढा उपटताना चिखलाने त्याला धरून ठेवलं आणि मग चप् आवाज करत सोडलं. गल्लीगल्लीतून लोक आले, हातात पळसाच्या फांद्या, पानांवर पावसाचं पाणी. कय्यूमचाचा मोठा डबा गळ्यात अडकवून आले होते. दिवसभर ठोकून त्यांनी काय केलं ते आता कळलं. एरवी ते मारबतीत पोरांसाठी डबे वाजवत, हौसेने. आज त्यांनी डोळे मिटून वाजवला. जैनब मनकर्णाच्या डाव्या हाताला, माय उजव्या. घसरड्या दगडांवरून पावलं पडत होती आणि मनकर्णाला आपला प्रत्येक श्वास वेगळा ऐकू येत होता, पण पाय कसे हलके झाले होते, जणू रस्ताच तिला घेऊन चालला होता. अंचलेश्वर दरवाजा आला. लाकडाची ती मोठी दारं, त्यांना आडवा लोखंडी अडसर, समोर खाकीतले शिपाई, मध्ये इसरू, आणि चौथऱ्यावर छत्री धरलेला साहेब. ‘यहीं डालो और वापस जाओ,’ साहेब म्हणाला.

डबे थांबले. कुणी फांदी टाकेना, कुणी मागे वळेना. मागे कसं वळायचं? मेढा हातात घेऊन घरी परतणं म्हणजे रोगराईला बोट धरून घरी आणणं. आणि पुढे दार. गर्दीची मागची माणसं पुढच्यांना ढकलत होती, पुढची पाय रोवून उभी होती, आणि त्या शांततेत एक पोर खोकललं. मनकर्णा पुढे झाली. ती इसरूसमोर जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की त्याच्या खाकीचा ओला वास तिला आला.

‘इसरूभाऊ,’ ती म्हणाली, ‘साहेब म्हणते इथी टाका. टाकू मंग? तुह्या पायापाशी टाकू?’

तिने मेढा खाली झुकवला. पानांचं पाणी त्याच्या बुटांवर ठिबकलं. इसरू एक पाऊल मागे सरकला.

‘हिवताप घेऊन जाय गे मारबत,’ ती म्हणाली, साध्या आवाजात, भाजी निवडता निवडता बोलावं तशी. ‘हगवण घेऊन जाय गे मारबत. देवी घेऊन जाय गे मारबत.’ इसरूचा हात गालावरच्या वणांकडे गेला. मागून म्हातारे, बाया, एकेक जण आपापलं बोलू लागला. गुडघे. डोळे. लेकाची वाट. झोप न येणं. जे वर्षभर कुणी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या अंगणात गोळा होऊ लागलं, आणि ते सगळं दाराच्या आत होतं, शिपायांच्या पायापाशी. मग लटारू न्हाव्याचा आवाज आला, ‘अळणी भाजी घेऊन जाय गे मारबत.’ आणि कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, मग सगळा जमाव हसत सुटला, तोंडात बोळा न घालता, आणि मनकर्णाला कळलं की आता काम झालं. ‘सांग ना गा, इसरूभाऊ,’ ती म्हणाली, ‘हे सगळं तुह्या घरी मुक्कामाले ठेवू, का जाऊ देतं याले?’ साहेब वरून ओरडला. शिपायांनी साहेबाकडे पाहिलं नाही, फांद्यांकडे पाहिलं. ती सगळी याच गल्ल्यांतली पोरं होती. इसरू वळला आणि अडसराखाली खांदा लावला. बाकीचेही धावले. अडसर एवढा जड कधी नव्हता की त्याला सहा जण लागावेत, पण त्या सकाळी प्रत्येकाला त्याला हात लावायचा होता.

दार उघडलं आणि बाहेरचा वारा आत आला, ओल्या गवताचा, झरपट नदीच्या गढूळ पाण्याचा. मनकर्णाने तो तोंड उघडून प्यायला. लोक ओरडत, नाचत, चिखल तुडवत बाहेर पडले, नदीकाठी पळसाच्या रानापाशी आले, आणि मेढे फेकले. फांद्या हवेत उडाल्या, पडल्या. जैनबने आपली फांदी अशी भिरकावली की ती थेट पाण्यात गेली. कय्यूमचाचांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले, आणि रिकामा डबा काखेत धरून सगळ्यांत आधी परत फिरले. जास्त थांबले असते तर परत फिरता आलं नसतं, हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. मायने भाकरीचं धडपं मनकर्णाच्या हातात दिलं. ‘मूल गावच्या वाटेनं नोको जाऊ, आडरानानं जाय. मामाच्या घरी दिवसा नोको शिरू.’ ‘हो.’ ‘दुपारी विचारतील त सांगीन, मारबत घेऊन गेली पोट्टीले.’ ‘सांग.’ ‘त्याहिले वाटंन बुढी भ्रमली.’ ‘वाटू दे ना.’ मनकर्णाला मायच्या गळ्यात पडायचं होतं. पण आजूबाजूला माणसं होती आणि दारात खाकी होती. तिने मायचा हात धरला, काथ्याने घासलेली, वर्षभरात पुन्हा कातडं आलेली ती बोटं, आणि सोडला. हे सोडणं वेगळं होतं. यात ती आपल्या मर्जीने निघाली होती.

मनकर्णा आणि जैनब पळसांच्या आड शिरल्या. पानांतून त्यांना वाट दिसत होती. मेढा फेकल्यावर परतताना कुणी मागे वळून बघत नाही. बघणाऱ्याच्या मागे पीडा उठून चालू लागते, आणि त्याच्या घरी जाऊन राहते. त्यामुळे सगळं शहर मान ताठ ठेवून, समोर बघत, दाराकडे निघालं होतं. म्हातारे पोरांचे कान धरून त्यांची तोंडं समोर वळवत होते. कुणी काही पाहिलं नव्हतं, म्हणून कुणाला काही विचारलं तरी सांगता येणार नव्हतं. मायही चालली होती, सगळ्यांच्या मागे, पदर डोक्यावर घेऊन. जन्मात तिने एक रीत मोडली नव्हती. मासिक पाळीत लोणच्याला हात लावला नव्हता, अमावास्येला नवं काम काढलं नव्हतं, नवरा गेल्यावरही त्याचं नाव घेतलं नव्हतं. ती रान संपतं तिथवर गेली आणि थांबली. मग वळली. नुसती मान वळवली नाही. पावलांसकट वळली, पदर मागे सारला, आणि पळसाच्या रानाकडे बघत राहिली. भराभरा बघून घेतलं असंही नाही. मन भरेपर्यंत बघितलं.

मनकर्णाला राहवलं नाही. ती फांद्या सारून पुढे आली. ‘माय, पाहू नोको वं,’ ती म्हणाली. ‘पीडा मागं येईन.’

‘येऊ दे,’ माय म्हणाली. ‘घरी एकटीच त आहो मी आता. तिचीच सोबत होईन मले.’